मथुराबाईच्या नावाचं रक्त

रक्त तपासायला जाल तेव्हा स्वतःचं नाव सांगा. पत्ता नसेल तर नाही म्हणून सांगा. खिडकीतला माणूस खेकसला तरी तिथून हलू नका.

या आजाराबद्दल काहीतरी लिही, म्हणून आमच्या तपासणी केंद्रातल्या ताई वर्षभर माझ्या मागे लागल्या आहेत. त्यांना वाटतं, गोळ्या वेळेवर घ्या, अंडी खा, हिंमत सोडू नका असं मी लिहीन. ते तर भिंतीवर रंगवलेलंच आहे. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि तिच्यात मी काही फार चांगली दिसत नाही.

माझं नाव सुनंदा. सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण माझा आजार काही दिवस दुसऱ्या एका बाईच्या नावावर होता. त्यापायी तिचं जे गेलं ते तिला परत मिळालं नाही.

मालधक्का

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावला, स्टेशनच्या मालधक्क्यालगत एका बंद गोदामाच्या ओसरीवर राहत होते. नवरा आग्रा रोडवर ट्रक चालवायचा. धुळ्याला दवाखान्यात झिजून झिजून गेला. डॉक्टरांनी सासऱ्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. सासऱ्यांनी ते पोटात ठेवलं आणि दिवसकार्य झाल्यावर मला घरातून निघायला सांगितलं. माहेरी भावजयीने महिनाभर ताट वाढलं, मग तिचाही चेहरा बदलला. या सगळ्या काळात 'बाई, तूही एकदा रक्त तपासून घे' एवढं मला एकाही माणसाने म्हटलं नाही. कशाने गेला ते बहुतेक सगळ्यांना कळलं होतं, मला सोडून.

ओसरीवर आम्ही सात-आठ बायका होतो. दिवसभर दालमिलमध्ये डाळ निवडायची, संध्याकाळी येऊन तीन विटांवर भाकरी करायची. आमच्यात वयाने मोठी मथुराबाई, तिला सगळ्या अक्का म्हणायच्या. दोंडाईच्याकडच्या एका गावची. गावाचं नाव इथे लिहीत नाही, तिचा मुलगा अजून तिथे राहतो. सुनेशी पटलं नाही, घरात खोली एकच, म्हणून ती एका दुष्काळात कामाला बाहेर पडली ती इकडेच राहिली.

अक्काजवळ एक गोष्ट होती जी आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती. तिच्या एकटीच्या नावाचं पिवळं रेशनकार्ड. मुलाने वेगळं काढलं तेव्हा ते निघालेलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ती ते कमरेला खोचून असायची.

आणि त्या कार्डावर आम्ही सगळ्या जणी आजारी पडायचो. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर नाव, वय आणि गाव विचारत. स्टेशनवर राहतो म्हटलं की बाजूला उभं करत. आमच्यातल्या एकीला तर तिथल्या शिपायाने भिकारी म्हणून पोलिसांकडे द्यायची भीती घातली होती, तेव्हापासून ती दाताने कळवळली तरी जायची नाही. तिला अक्कानेच पहिल्यांदा कार्ड दिलं. मग तो रिवाजच पडला. आजारी पडलेल्या बाईने कार्ड न्यायचं आणि खिडकीवर धडाधड म्हणायचं: मथुराबाई लोटन पाटील, मुक्काम पोस्ट अमुक, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे. अक्का आमच्याकडून ते पाठ करून घ्यायची, एखादीने तालुका चुकवला तर पुन्हा म्हणायला लावायची. कार्डावर वय पन्नासच्या घरातलं. मी तेव्हा तिशीचीही नव्हते. खिडकीतल्या माणसाने एकदाही मान वर करून पाहिलं नाही. एका सोमवारी तर दोन मथुराबाया एकाच रांगेत उभ्या राहिल्या होत्या, एक गुडघ्याची आणि एक खरजेची. आम्ही त्यावर कित्येक दिवस हसत होतो.

रक्त दिलं तो दिवस

त्या हिवाळ्यात मला बारीक ताप आणि खोकला लागला तो जाईना. मग हगवण. मग तोंडात पांढरं येऊन घास गिळेनासा झाला. मी नवऱ्याचं तोंड तसंच झालेलं पाहिलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं तरी डोळे होतेच की मला. तरी मी उन्हाळ्यापर्यंत ढकललं.

शेवटी अक्कानेच कार्ड माझ्या हातात कोंबलं. "पत्ता नही ना तुले? मना ली ले," म्हणाली. माझा पत्ता घे, असं ती प्रत्येकीला म्हणायची.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी जीभ पाहिली, नवरा काय करतो विचारलं. मी म्हटलं, ट्रकवर होता, वारला. त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं. एवढ्या दिवसांत माझ्याकडे कोणी तसं पाहिलं नव्हतं, मला रडू आलं. त्यांनी रक्त लिहून दिलं. नमुना मोठ्या ठिकाणी पाठवावा लागतो, पंधरा दिवसांनी या, येताना घरचं माणूस आणा, असं सांगितलं. ते मला मथुराबाई म्हणत होते आणि मी मान हलवत होते.

घरचं माणूस कुठून आणायचं, हा प्रश्न होता. पण खरं सांगायचं तर ती सबब होती. मला भीती वाटत होती. अहवाल आणायला गेलेच नाही, तर तो दवाखान्यातच पडून राहील, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. पंधराचे पंचवीस दिवस झाले. कार्डावरचा पत्ता खरा आहे आणि खऱ्या पत्त्यावर टपाल जातं, हे आठ बायकांपैकी एकीच्याही मनात आलं नाही. आमच्यापैकी कोणाला कधी टपाल आलंच नव्हतं.

अक्काची मात्र वेगळीच गडबड चालू होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. मुलाने, भटूने, निरोप धाडला होता: दुसरी खोली बांधली आहे, नातू झाला आहे, रांगायला लागला आहे, आखाजीच्या आधी न्यायला येतो, आता कायमची चल. अक्का दिवसातून दहा वेळा ते सांगायची. सुनेला चोळीचा खण घेऊन झाला, नातवाला खुळखुळा घेऊन झाला. गेल्या चार वर्षांत तिने आखाजी केली नव्हती. आमच्याकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात, तिच्यावर खरबूज, आंबा, सांजोऱ्या ठेवतात, आणि उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत गेलेल्या एकेकाचं नाव घेतात. अक्काचा नवरा गेलेला. ओसरीला उंबरा नाही, मी बोट कुठे ओढू, असं ती म्हणायची.

भटू आला

आखाजीला आठ दिवस असताना भटू आला. दुपारची वेळ होती, मिलला सुट्टी होती, सगळ्या जणी ओसरीवरच होत्या. तो रस्त्यापलीकडे पानटपरीपाशी थांबला. अक्काने त्याला लांबूनच ओळखलं. तांब्या विसळला, पाणी भरलं आणि तशीच धावत निघाली. मीही तिच्या मागे गेले, तिची पिशवी उचलायला लागेल म्हणून.

त्याने तांब्या घेतला नाही. हात मागे नेले.

गावाला दवाखान्याचं पोस्टकार्ड आलं होतं. मथुराबाई लोटन पाटील यांच्या रक्ताचा अहवाल आला आहे, नातेवाइकासह ताबडतोब भेटावे. उघडं कार्ड, पोस्टमनपासून पाराच्या ओट्यापर्यंत सगळ्यांनी वाचलेलं. भटू घाबरून सकाळच्या गाडीने थेट दवाखान्यात गेला होता. तिथे कोणीतरी त्याला व्हरांड्यातच काय ते सांगून टाकलं. कोणी, ते मला ठाऊक नाही.

त्याने आजाराचं नाव घेतलं, एड्स. ते नाव मी माझ्याबद्दल पहिल्यांदा तिथे ऐकलं, टपरीसमोर, दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडून, दुसऱ्या बाईच्या नावावर. मी टपरीचा खांब धरला.

"मी दवाखानामा जाईसन उनू," तो म्हणत होता, "माले बठ्ठं समजनं. माय, आते घर येऊ नको. पोरगा धाकला शे."

तू इथे काय करत होतीस, असं त्याने विचारलं नाही. पण ते त्याच्या चेहऱ्यावर होतं आणि अक्काने ते वाचलं. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. तिला कळलं होतं. कार्ड शेवटी कोणी नेलं होतं, हे तिच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार?

एक वाक्य पुरलं असतं. भाऊ, ते रक्त माझं आहे. ते माझ्या जिभेवर होतं, शपथेवर सांगते. पण मागे ओसरीवर सहा बायका उभ्या होत्या, आणि ओसरी सुटली तर मला जायला जागा नव्हती. मी खांब धरून उभी राहिले.

अक्कानेही माझं नाव घेतलं नाही. "बरं," म्हणाली. "पानी तरी पी." त्याने मान हलवली, डोळे पुसले आणि स्टेशनकडे गेला. भटू वाईट माणूस नव्हता. मला त्याला वाईट ठरवता आलं असतं तर बरं झालं असतं.

तीन दिवस

संध्याकाळपर्यंत ओसरीवर सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी अक्काचा तांब्या कोणीतरी वेगळा ठेवला होता. ज्या बायकांनी तिच्या नावावर गोळ्या, मलम, इंजेक्शनं आणली, त्याच. मी त्यांना नावं ठेवत नाही, मी तर त्यांच्याहून गप्प होते. अक्का आपला तांब्या उचलायची, कोपऱ्यात बसून पाणी प्यायची. खण आणि खुळखुळा तिने गाठोड्याच्या तळाशी घातला.

तिसऱ्या दिवशी नळावर आम्ही दोघीच होतो. मी तिला विचारलं, तुला ठाऊक होतं तर तू बोलली का नाहीस.

"तुनं नाव सांगतू ते बठ्ठ्या तुले आठून काढी देत्यात," ती म्हणाली. "मंग तू कोठे जाती?" ओसरीवरच्या सगळ्या मला हाकलतील म्हणून ती बोलली नव्हती; तिने घागर नळाखाली सरकवली. "आनि त्यानी माले एक डाव पुसाले पाहिजे व्हतं, माय, हाई खरं शे का. पुसतां ते मी सांगतू."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले. तिने घागर भरून घेतली आणि चल म्हणाली.

स्वतःच्या नावाचा कागद

दुसऱ्याच दिवशी मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. माझा बेत सोपा होता. अक्काचं रक्त अक्काच्या नावावर तपासायचं, माझं माझ्या. तिचा चांगला कागद भटूच्या हातात द्यायचा.

खिडकीतल्या माणसाने रजिस्टर पाहिलं. मथुराबाईची तपासणी झालेली आहे, पुन्हा कशाला? मी म्हटलं, ती मी होते. त्याने त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. मग मी माझं नाव सांगितलं आणि तो गाव विचारायला लागला. गाव नाही म्हटलं. मग बाजूला व्हा, म्हणाला. मागची रांग पुढे सरकली. मी खिडकीचा गज धरून तिथेच उभी राहिले, धक्के खात. तासभर तरी गेला असेल. खोकल्याची उबळ येऊन मी खाली बसले तेव्हा रक्त काढणाऱ्या विभागातले एक भाऊ बाहेर आले. पोक्त, चष्मेवाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं. त्यांनी केसपेपर ओढून घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: सुनंदा, मुक्काम मालधक्का, जळगाव.

"लोक राहतात ना तिथे," ते खिडकीतल्या माणसाला म्हणाले, "मग पत्ताच झाला तो."

माझं नाव कित्येक महिन्यांनी कोणीतरी कागदावर लिहिलं होतं. मी तो केसपेपर अजून जपून ठेवला आहे. त्यांनी आम्हा दोघींचं रक्त काढलं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आमच्यासमोर वाचून दाखवल्या.

माझा खोकला ऐकून मला त्याच दिवशी भरती केलं. क्षय निघाला. खाट वॉर्डाच्या टोकाला, संडासाजवळ. सकाळी झाडू, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी. ती माझ्या खाटेच्या दोन खाटा अलीकडेच संपायची. जेवण वाढणारा ताट उंबऱ्यात ठेवून जायचा. अक्का ते उचलून आणायची, भात पातळ करून भरवायची. सोबतचं माणूस कोण, असं नर्सने विचारलं की अक्का म्हणायची, मी तिची माय शे. झाडणारी एक बाई होती, ती काम झालं की माझे केस विंचरून द्यायची. हातमोजे नाही, काही नाही. जटा झाल्या तर डोकं दुखतं, एवढंच म्हणायची. त्या दिवसांत मला मरणाची भीती होती, पण कोणी आपल्याला हात लावणार नाही ही भीती जास्त होती. ती त्या फणीने थोडी कमी झाली.

आखाजी वॉर्डातच गेली. कोणाच्या तरी घरून सांजोऱ्या आल्या होत्या. अक्काने एक माझ्या उशाशी ठेवली, स्वतः खाल्ली नाही.

अहवाल आले. माझ्या रक्तात दोष. अक्काच्या रक्तात काही नाही.

गावाला गेले

अंगात थोडी ताकद आल्यावर ओसरीवर सगळ्यांसमोर मी दोन्ही कागद ठेवले आणि सांगितलं. दोघींनी त्याच दिवशी पथाऱ्या हलवल्या. बाकीच्या राहिल्या. अक्काचा तांब्या परत सगळ्यांच्यात आला, माझा वेगळा झाला. अक्का माझ्यावर चिडली, तुले कोन सांगाले लावनं व्हतं, म्हणून. पण मला त्या दिवशी खूप महिन्यांनी बरं वाटलं.

मग मी एकटीच तिच्या गावाला गेले. सुरत गाडीने दोंडाईच्यापर्यंत, पुढे पायी. भटूचं घर नवीन खोलीवरून ओळखू आलं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. कार्ड कसं सगळ्या जणी न्यायच्या, रक्त कसं मी दिलं, टपरीपाशी मी कशी गप्प राहिले. सून दारात उभी होती, कडेवर मूल. मी अक्काचा कागद पुढे केला.

भटूने तो दोनदा वाचला. त्याला खरं मानायचं होतं, ते दिसत होतं. त्याने बायकोकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं.

"पहिला कागदवर बी मायनंच नाव व्हतं," तो हळू म्हणाला. "ह्यावर बी तेच शे. तुम्ही बठ्ठ्या एकच नाव सांगतस. मंग खरा कोनता?"

हे रक्त खरंच तिचं, हे मी कशाने पटवणार होते? माझ्या तोंडी शब्दावर? तोच तर इतके दिवस खोटा होता. मी शपथा घेतल्या. चला जळगावला, तुमच्यासमोर पुन्हा तपासू, म्हटलं. तो बघतो म्हणाला. त्याने कागद घडी करून परत दिला. तो कधी आला नाही.

परत आल्यावर अक्काने काय झालं ते विचारलं नाही. माझ्या तोंडावरून तिला समजलं असावं. "नातू चालाले लागना का?" एवढंच तिने विचारलं. मी मुलाला कडेवरच पाहिलं होतं. तरी हो म्हटलं.

नाव

अक्का त्यानंतर दोन वर्षं होती. छातीच्या दुखण्याने गेली. शेवटच्या दिवशी खिडकीवर तिचा केसपेपर मीच काढला आणि तिचं नाव तिच्यासाठीच सांगितलं. गावी निरोप धाडला होता. आम्ही दुपारपर्यंत वाट पाहिली. मग दालमिलच्या बायकांनी आणि मी तिला नेलं. गाठोड्यात खण होता, खुळखुळा होता. खण तिच्या अंगावर घातला. खुळखुळा माझ्याकडे आहे.

मी का वाचले, ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. क्षय बरा झाला, पडत-झडत काही वर्षं काढली, मग या आजाराच्या गोळ्या फुकट मिळायला लागल्या. आता मी केंद्रात बाहेरच्या बाकावर बसते. स्टेशनवरून, पुलाखालून माणसं येतात, नाव विचारलं की थबकतात. दुसऱ्याचं नाव सांगायला निघालेला माणूस मला लगेच ओळखू येतो. मी त्यांना म्हणते, स्वतःचं सांग. गाव नसेल तर जिथे निजतोस ती जागा सांग. आणि कागद घ्यायला परत ये, भीती वाटली तरी ये, मी इथेच आहे. काही येतात. काही येत नाहीत, त्यांच्यावर मला रागावता येत नाही.

जळगावातच, मेहरूणला, आता मला एक खोली आहे, भाड्याची. तिला उंबरा आहे. भटूच्या घरी आखाजीला अक्काच्या नावाचं बोट ओढतात की नाही, मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही. मी रक्ताची नाही, मला तो अधिकारही नाही, हे मला कळतं. तरी दरवर्षी घागर भरते, वर खरबूज आणि दोन सांजोऱ्या ठेवते, आणि उंबऱ्यावर कुंकवाचं एक बोट ओढते. नाव पुरं घेते, जसं तिने आमच्याकडून घोकून घेतलं होतं तसंच: मथुराबाई लोटन पाटील, मुक्काम पोस्ट, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे. गावाचं नावही घेते. तिथे लपवत नाही.